पाच चिठ्ठ्या, एक डबा: एकट्या राहणाऱ्या आजींच्या पडण्याचं प्रकरण

मी बी.एस्सी. नर्सिंग झालेली, गिरणाकाठच्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी. एका उन्हाळ्यात घडलेलं हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, नाती आणि काही तपशील बदलले आहेत. आकडे आणि निर्णयांचा क्रम मात्र माझ्या वहीतलाच आहे. आजींना मी इथं माय म्हणते. गावातही त्यांना सगळे तसंच म्हणतात.

पार्श्वभूमी

माय ७६ वर्षांच्या. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. दीड एकर कापसाचं रान बटाईनं दिलेलं. मुलगा सुरतला कापडाच्या कामात, लेक पंधरा किलोमीटरवरच्या गावी दिलेली. घर धाब्याचं, पुढं ओटा, मागं मोरी. खान्देशातल्या कुठल्याही गावात अशी दहा-वीस घरं सहज सापडतील. तरणी माणसं सुरत, नाशिक, पुण्याला आणि दाराला कडी लावून आत एकटी म्हातारी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातली साठीच्या वरची माणसं शंभरात जवळजवळ दहा होती. माझ्या गावात ओट्यांवरून नजर फिरवली तर हे प्रमाण त्याहून बरंच जास्त वाटतं.

माझ्या पदाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचे निर्णय कळणार नाहीत. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी 'नर्स प्रॅक्टिशनर'चा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. तो होता लहान मुलांसाठी. आज तिकडं अनेक राज्यांत या परिचारिका स्वतः तपासून, निदान करून औषधं लिहून देतात आणि म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीचा मोठा भार त्यांच्यावर आहे. आपल्याकडं तसा अधिकार नाही. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना आली, उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली (आता आयुष्मान आरोग्य मंदिर) आणि सहा महिन्यांचं सामुदायिक आरोग्याचं प्रशिक्षण देऊन आमच्यासारख्यांना तिथं नेमलं. पूर्वी उपकेंद्र म्हणजे बाळंतपण आणि लसीकरण. आता बारा प्रकारच्या सेवा आहेत, त्यांत वृद्धांची काळजीही आली. बीपी-शुगरच्या बाबतीत माझं काम असं: डॉक्टरांनी सुरू केलेल्या गोळ्या दर महिन्याला द्यायच्या, मोजमाप ठेवायचं, बिघडलं तर वर पाठवायचं. नवी गोळी सुरू करायची नाही, चालू असलेली बदलायची नाही.

मायला आदल्या वर्षीच्या शिबिरात बीपी निघालं. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सुरू केली आणि तेव्हापासून ती गोळी दर महिन्याला मी देत होते.

काय बिघडलं

मे महिना, पारा ४४ च्या वर. आशाताई सकाळी म्हणाल्या, "मॅडम, माय गोळ्या न्यायला आली नाही. परवा पहाटे मोरीत पडली म्हणे." शेजारणीनं उचलून खाटेवर टाकलं होतं. वय झालं की माणूस पडायचंच, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नव्हतं. पंधरा दिवसांतलं हे दुसरं पडणं होतं, हे तिथं गेल्यावर कळलं.

माय खाटेवर बसल्या होत्या, उजवं मनगट पदरात गुंडाळलेलं. मी विचारलं, काय झालं? "काय व्हयनं नही वं. चक्कर उनी, नि पडनू." पायांवर सूज होती. जीभ कोरडी. रांजण भरलेला, पण तांब्या पालथा. पाणी पीत नाही का म्हटलं तर म्हणाल्या, "पानी पिनं तं उठनं पडस." रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावं लागायचं, म्हणून त्यांनी पाणीच तोडलं होतं.

बसून बीपी घेतलं: ११८/७०. वहीत लिहिलं. शुगर ७८, सकाळपासून अर्धी भाकरी पोटात. ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्लासेवेवर, डॉक्टर मिळाले. मी वय, बीपी, शुगर, चक्कर आणि आमच्या नोंदीतली औषधं सांगितली. उन्हाचा त्रास दिसतो, पाणी वाढवा, औषधं चालू ठेवा, असा सल्ला आला. मी दिलेल्या माहितीवर दुसरा सल्ला येणंही शक्य नव्हतं.

निघताना, खरं तर केवळ गोळ्या किती उरल्यात ते मोजायला, मी म्हटलं, "माय, गोळ्या दाखव बरं." त्यांनी उतरंडीमागून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत पाच प्रकारच्या गोळ्या, बऱ्याचशा पट्ट्या कात्रीनं कापलेल्या, नाव असलेलं टोक भलत्याच तुकड्यावर गेलेलं. माय एकेक हातात घेऊन सांगू लागल्या, "हाई बीपीनी, हाई पायनी, हाई शुगरनी." 'बीपीनी' दोन निघाल्या. मी खाटेवर बसले आणि तुकड्याला तुकडा जुळवून नावं लावली. त्याला चाळीस मिनिटं लागली. त्या दिवसातली माझी सगळ्यात उपयोगाची चाळीस मिनिटं तीच होती.

डब्यातून जी हकिकत निघाली ती अशी. फेब्रुवारीत मुलगा आला होता, तो मायला तालुक्याच्या खासगी फिजिशियनकडं घेऊन गेला. त्यांनी बीपीसाठी तीन औषधं एकत्र असलेली गोळी लिहिली: टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. शुगरही थोडी वाढलेली होती, तिची मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड सुरू झाली. सरकारी गोळीचं कुणी सांगितलंच नाही. ती हलकी, तिचं काय सांगायचं! माय मात्र दोन्ही खात राहिल्या. म्हणजे ॲम्लोडिपिन रोज १० मिलिग्रॅम. या औषधानं पायांवर सूज येते आणि मात्रा वाढली की ती वाढते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेक माहेरी आली, आईचे पाय बघून घाबरली आणि जवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. तिथं सूज उतरायला फ्युरोसेमाइड मिळालं. ही लघवीची जोरदार गोळी, म्हणून रात्रीचं उठणं आणि पाणी तोडणं. आखाजीच्या आठवड्यात घरात रस-पोळी. त्याच दिवसांत तालुक्याला शुगर तपासली, ती २४० आली आणि ग्लिमेपिराइडची मात्रा दुप्पट झाली. रस संपला, लेक सासरी गेली, माय पुन्हा अर्ध्या भाकरीवर आल्या. गोळी दुप्पटच राहिली. मग बिबड्या आणि पापडांसाठी चार दिवस खाली बसून गुडघे धरले, म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक.

कुणीही चुकीच्या हेतूनं काही दिलेलं नव्हतं. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी समजण्यासारखी. पण पहिल्या औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून दुसरं औषध आलं आणि त्या साखळीच्या टोकाला म्हातारी मोरीत पडली. टेल्मिसार्टन, लघवीच्या गोळ्या आणि डायक्लोफिनॅक एकत्र, अंगात पाणी कमी आणि बाहेर ४४ अंश. मूत्रपिंड बसायला याहून जास्त काही लागत नाही.

मी पुन्हा बीपी घेतलं. या वेळी पाच मिनिटं आडवं ठेवून, मग उभं करून. आडवं १३८/७६. उभं राहून एका मिनिटाला ११२/६६ आणि मायनी माझा खांदा धरला. तीन मिनिटांनी १०६/६४. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर पडण्याचा धोका धरायचा असतो. इथं वरचा ३२ नं उतरला होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, १०८ बोलावून थेट जिल्ह्याला पाठवणं. त्यासाठी धोक्याच्या खुणा पाहिल्या: डोक्याला मार, उलटी, शुद्ध हरपणं, बोलण्यात किंवा हातापायात फरक, छातीत दुखणं, रक्त पातळ करणारी गोळी. यातलं काही नव्हतं. लघवी होत होती. सोबतीला कुणी नव्हतं आणि माय जायला साफ नाही म्हणत होत्या. यातली एक खूण जरी असती, तरी मी त्यांचं नाही ऐकलं नसतं.

दुसरा, ई-संजीवनीवर पुन्हा जाणं. तिसरा, गुरुवारी आमच्या डॉक्टरांच्या फेरीपर्यंत थांबणं. तोवर दोन दिवस ती पाचही औषधं पोटात जाणार होती.

चौथा पर्याय डोक्यात सर्वांत आधी आला होता. डबा उचलून घेऊन जायचा आणि एकच पट्टी ठेवायची. काय बंद करायला हवं ते मला दिसत होतं, असं मला वाटत होतं. पण माझ्या अधिकारात ते नव्हतं, आणि नियम बाजूला ठेवला तरी प्रश्न उरत होता: एखादी गोळी हृदयासाठी किंवा वेगळ्या कारणानं दिलेली असेल तर? पायांची सूज हृदयाचीही असू शकते. छाती ऐकली, श्वास मोजला, मानेच्या शिरा पाहिल्या. तसं काही वाटलं नाही. पण माझ्या 'वाटलं नाही'वर औषध बंद करता येत नाही.

काय केलं

आमच्या डॉक्टरांना सरळ फोन केला. आधी कागदावर सगळं लिहून घेतलं: औषध, मात्रा, कुणी दिलं, कधीपासून, कशासाठी. मग आडवं-उभं बीपी, शुगर, लघवी, सूज. सहा मिनिटांत बोलणं संपलं. त्यांचा निर्णय: फ्युरोसेमाइड आणि डायक्लोफिनॅक बंद. तीन औषधांची गोळी थांबवायची, फक्त आपली ॲम्लोडिपिन ५ चालू. शुगरची गोळी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) येईपर्यंत थांबवायची, रोज शुगर बघायची. थोडं थोडं पाणी, ताक, ओआरएस. दुखलं तर पॅरासिटामॉल. मी म्हटलं, सर, हे मला लेखी द्या. त्यांनी कागदावर लिहून, सही करून फोटो पाठवला. तो मागितला हे फार बरं झालं.

कारण संध्याकाळी सुरतहून मुलाचा फोन आला. "सिस्टर, एमडी डॉक्टरांच्या गोळ्या तुम्ही कशा काय बंद करता?" त्याचा राग मला चुकीचा वाटला नाही. आईला शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडं नेणं हाच त्याच्या हातातला मायेचा मार्ग होता आणि मी तोच बाद करते आहे, असं त्याला वाटलं. मी लेखी सूचना पाठवली, पाच औषधांची यादी पाठवली आणि म्हटलं, "भाऊ, यातली तीन तुमच्या डॉक्टरांना माहीतच नाहीत. आपण त्यांनाच विचारू." तो गप्प झाला. मग म्हणाला, "मले बी नव्हतं माहीत."

आमच्या डॉक्टरांनी फिजिशियनच्या नावानं पत्र लिहिलं. लेक ते आणि डबा घेऊन तालुक्याला गेली. फिजिशियननी यादी वाचली, आपल्या कार्डावरची तीन औषधांची गोळी स्वतःच्या हातानं खोडली आणि दर महिन्याचं उभं-आडवं बीपी कळवायला सांगितलं. मुलाचा विश्वास तिथं बसला.

तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन आलं: १.७. त्या वयाच्या बाईसाठी याचा अर्थ मूत्रपिंडाचं रक्त गाळण्याचं काम मिनिटाला ३० मिलिलिटरच्या आसपास उतरलेलं, एरवी तरुण निरोगी माणसात ते ९० च्या वर असतं.

आणि मनगट. पहिल्या दिवशी मी बोटं हलवून पाहिली होती, हलत होती. मुका मार असेल म्हणून पट्टी बांधली. पाचव्या दिवशीही सूज तशीच दिसली तेव्हा ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे काढला. मनगटाजवळचं हाड मोडलेलं निघालं. पडून सहा दिवस झाले होते. सहा आठवडे प्लास्टर.

एकट्या बाईचा उजवा हात प्लास्टरमध्ये म्हणजे काय, ते कुठल्याच फॉर्ममध्ये मावत नाही. भाकर थापता येत नाही, बादली उचलता येत नाही, लुगडं नेसता येत नाही. भाकरीचं शेजारणीनं पत्करलं, पहिले दहा दिवस लेक येऊन राहिली. आम्ही मोरीच्या वाटेवर रात्रीचा बारका बल्ब लावायला सांगितला, मोरीच्या भिंतीला लोखंडी दांडा बसवला, खाटेजवळ काठी ठेवली. उठायचं कसं ते मायकडून दहादा करून घेतलं: आधी बसायचं, पाय हलवायचे, मनात वीस मोजायचे, मग उभं राहायचं.

निकाल

तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.२ वर आलं. सकाळची शुगर १३० ते १५० च्या दरम्यान राहिली. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन कमी मात्रेत सुरू केली, ग्लिमेपिराइड नाही. या वयात एकटं राहणाऱ्या माणसाची शुगर थोडी चढी चालते, खाली जाणं परवडत नाही. पायांची सूज जवळपास गेली. दोन महिन्यांनी बीपी आडवं १४२/७८, उभं १३४/७६. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला पहिल्यांदा २१ सेकंद लागले होते, आता १५. बारा किंवा जास्त सेकंद लागले तर पडण्याचा धोका धरतात, म्हणजे तो अजून आहेच. तेव्हापासून त्या पडलेल्या नाहीत. मनगट मात्र पूर्वीसारखं झालं नाही. भाकर थापतात, पण लहान आणि एका बाजूला जाड.

आज पुन्हा वेळ आली तर

सर्वांत आधी मला माझी वही आठवते. फेब्रुवारीत बसून बीपी १३४, मार्चमध्ये १२६, एप्रिलमध्ये १२०. तिन्ही महिने मी 'नियंत्रणात' लिहिलं आणि मला बरं वाटलं. आमच्या नोंदीत १४०/९० च्या खाली आलं की काम झालं. तीच गोळी, तीच मात्रा, मग आकडा का उतरतो आहे, हा प्रश्न मी विचारायला हवा होता. फेब्रुवारीतच डबा पाहिला असता तर मे महिना असा गेला नसता. गोळ्या मी दिल्या होत्या. साखळीतली एक कडी माझ्या हातची होती.

दुसरं, म्हातारं माणूस पडलं, मनगट किंवा कंबर दुखते म्हणालं, तर बोटं हलतात की नाही यावर थांबायचं नाही. एक्स-रेला पाठवायचं. हाडं ठिसूळ असतात, साध्या पडण्यानं मोडतात. हे मला माहीत होतं. त्या दिवशी गोळ्यांच्या शोधात ते मागं पडलं.

तिसरं, दूरच्या डॉक्टरांना फोन लावायच्या आधी कागद तयार हवा. पहिल्या कॉलला मी अर्धी माहिती दिली आणि अर्धाच सल्ला मिळाला.

मुलाला मी आधी फोन करायला हवा होता, त्याला शेजाऱ्यांकडून कळण्याआधी. त्या एका तासाच्या उशिरानं पुढचे चार दिवस खर्ची पडले.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे. आमची भूमिका वाढवायची म्हणजे आम्हाला जास्त गोळ्या वाटायला देणं नव्हे. वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात पडतात आणि तो डबा उघडणारं माणूस गावात फक्त आम्ही आहोत. आम्हाला हवं आहे ते असं: उभं राहून बीपी इतकं उतरलं तर कोणती गोळी एका दिवसापुरती थांबवून डॉक्टरांना कळवायचं, याची आधीच लिहून ठेवलेली, सही असलेली सूचना. मला त्या दिवशी डॉक्टर सहा मिनिटांत मिळाले. फोन लागला नसता तर? आमच्या डॉक्टरांनी आता आमच्या केंद्रापुरता असा एक पानाचा कागद करून दिला आहे. लघवीच्या गोळ्या, डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची औषधं आणि शुगर उतरवणाऱ्या गोळ्या, एवढ्याच त्यात आहेत. बाकी कशालाही हात लावायचा असेल तर आधी फोन.

साठीच्या वरच्या प्रत्येकानं महिन्याच्या गोळ्यांना येताना घरातला सगळा डबा आणायचा, हेही ठरलं. पहिल्याच आठवड्यात आणखी तीन घरांत तीच दुहेरी बीपीची गोळी सापडली. दोघांच्या पायांवर सूज होती.

श्रावणात कानबाईच्या सणाआधी माय आल्या. डबा त्यांनी न सांगता टेबलावर ठेवला. आत कार्ड, दोन पट्ट्या, अख्ख्या, न कापलेल्या, आणि खाली कागदात गुंडाळलेल्या डायक्लोफिनॅकच्या चार गोळ्या. मी वर पाहिलं. "गुडघा ऐकस नही वं," म्हणाल्या. दोन खाल्ल्या होत्या. मी त्या चार बाजूला काढल्या, पॅरासिटामॉल दिल्या, क्रिएटिनिनसाठी रक्त घेतलं आणि गुडघ्याच्या व्यायामासाठी त्यांना खुर्चीवर बसवलं.